घाटाच्या पायथ्याचे इस्पितळ

2021 च्या सप्टेंबरात चांदसैलीच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि एक वृद्ध आदिवासी आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पायीच निघाला, पण ती वाटेतच दगावली, ही वार्ता वर्तमानपत्रांतून चार दिवस गाजली आणि विरली. त्या घाटाचा पायथा म्हणजे तळोदा. पूर्वी पश्चिम खानदेशात आणि 1 जुलै 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणारा हा कसबा सपाटीवर वसलेला असला, तरी तेथील उपजिल्हा रुग्णालयाचे गिऱ्हाईक (शब्द जरा बाजारी झाला खरा) बरेचसे वरच्या अक्राणी महालाचे असते.

भोर समितीने 1946 साली आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला, तेव्हापासून सरकारदप्तरी इस्पितळांचा हिशेब मुख्यतः डोक्यांवर होत आला आहे. सपाटीवर 30,000 लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी मुलखात 20,000 मागे; तीस खाटांच्या इस्पितळासाठी हेच आकडे 1,20,000 आणि 80,000. सवलत मिळाली ती शिरगणतीत. परंतु जेथे एकेक पाडा टेकडीआड विखुरला आहे, तेथे रुग्ण वाहणाऱ्या झोळीला वाटेत किती वेळा खांदे बदलावे लागले, याला कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

वर डोंगरात धडगाव आणि मोलगी येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या गावांसाठी तरंगता दवाखानाही झाला. तथापि अडलेली बाळंतीण अनेकदा पायथ्याशीच उतरवावी लागते, आणि मग प्रश्न येतो रक्ताचा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो, आणि लहान इस्पितळाजवळ फार तर रक्ताचे साठवण केंद्र असते, ज्यातील पिशव्या 2 ते 6 अंशांत राखायच्या म्हणजे सारा भरवसा विजेवर. पिशव्या संपल्या की तापी ओलांडून नंदुरबार. कागदावर 'पुढे पाठविले' एवढीच नोंद होते. घाट उतरून आलेल्यांचा तो दुसरा प्रवास असतो.

रक्ताचाच दुसरा प्रश्न आनुवंशिक आजाराचा: येथील भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेल बराच आढळतो. त्याची पहिली चाचणी पाहण्यासारखी आहे. काचेच्या नळीतील द्रावणात बोटाचे रक्त सोडायचे, पाचेक मिनिटे थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर बरे, द्रावण गढुळून बुडाल्या तर दोष आहे. मात्र तो आईबापांपैकी एकाकडून आला की दोघांकडून, अर्थात समोरचा माणूस केवळ वाहक की रुग्ण, हे त्या नळीला सांगता येत नाही. नमुना पुढच्या तपासणीला जातो, आणि त्यानंतर हाती पडते वाहकाचे पिवळे अथवा रुग्णाचे लाल कार्ड. माझ्या मते लहान इस्पितळाचे निम्मे मोल, मधल्या दिवसांत डोंगरात परतलेल्या त्या माणसाला पुन्हा बोलावून आणण्यात आहे.

बोलावून आणले, तरी बोलायचे कोणत्या भाषेत? देशावरून बदलून आलेल्या तरुण डॉक्टरला पावरी येत नाही, आणि खाटेवरच्या म्हातारीची मराठी 'दुखतं' या एका शब्दापाशी थांबते. तेव्हा लादी पुसणारी आया फडके बादलीत टाकून खाटेशी येते, कळ कधीपासून आहे, कोठून कोठे जाते, हे विचारून घेते आणि डॉक्टरांना मराठीत सांगून पुन्हा फडके पिळू लागते. पदमंजुरीच्या तक्त्यात दुभाष्याचा हुद्दा मी अद्याप पाहिलेला नाही.