झाडावरचं ते ‘बांडगूळ’ नाही! शहापूर-मुरबाडच्या जंगलातलं बाशिंग कसं ओळखायचं?

पाऊस सुरू झाला की माहुली, सिद्धगड, माळशेजचे फोटो फोनवर येऊ लागतात. एखाद्या फोटोत जुन्या झाडाच्या खोडावर हिरव्या, कातरलेल्या पानांचा मोठा झुपका दिसतो. मग कुणीतरी लिहितंच, ‘झाडाला बांडगूळ लागलंय, तोडून टाका.’

थांबा. तो झुपका बाशिंगाचा असेल, तर झाडाला त्याचा काही त्रास नाही.

बाशिंग हा एक नेचा आहे, म्हणजे फर्न. त्याला अश्वकात्री असंही म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. नावाचा दुसरा भाग लिनियसने १७५३ मध्ये दिला, अर्थ ‘ओकच्या पानांसारखी पानं असलेला’. शहापुरात ओक कुठून दिसणार? आपल्याला बाशिंग हेच नाव बरं. झाडाच्या कपाळी बाशिंग बांधावं तसाच तो दिसतो.

ओळखायची पक्की खूण म्हणजे एकाच रोपावर दोन प्रकारची पानं. खोडाला चिकटून असलेली आखूड, रुंद पानं लवकरच तपकिरी, कागदासारखी कडक होतात. ती मेलेली वाटतात, पण तीच या नेच्याची परडी. वरून पडणारा पालापाचोळा आणि धूळ त्यात साठते, कुजते आणि तिथल्या तिथे खत तयार होतं. जमिनीत मूळ नसतानाही बाशिंग जगतं ते यावर. दुसरी पानं लांब, हिरवी आणि बोटांसारखी खोल कातरलेली. त्यांच्या पाठीवर शिरांच्या मधे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतात. ते बीजाणूंचे पुंजके. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. बुडाशी खारीच्या शेपटीसारखं लवदार, जाड खोड आडवं पसरलेलं असतं.

बांडगुळाचं सगळंच वेगळं. त्याची पानं साधी, न कातरलेली. त्याला फुलं-फळं येतात आणि ते फांदीच्या आत शिरून झाडाचा रस ओढतं. बाशिंग फक्त आधार घेतं. म्हणून तर ते कातळावरही उगवतं. कातळातून कसला रस ओढणार?

शहापूर-मुरबाडची बरीचशी जंगलं पानगळीची आहेत. अशा जंगलात राहायचं म्हणजे पावसाळ्यात भिजायचं आणि उरलेले सात-आठ महिने कोरडे काढायचे. बाशिंग हिरवी पानं गाळून टाकतं आणि लवदार खोड व तपकिरी परडी घेऊन पडून राहतं. एप्रिल-मेमध्ये ‘वाळलंय’ म्हणून ते खरवडून काढलं जातं, तेव्हा बहुतेकदा ते जिवंत असतं. पहिल्या पावसात पुन्हा फुटणारच असतं.

ट्रेकला गेलेले काही जण ते कुंडीसाठी उपटून आणतात. तानसा आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत (सिद्धगड भीमाशंकरमध्येच येतो). तिथून परवानगीशिवाय वनस्पती काढून नेणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. याचं खोड लोकवैद्यकात वापरलं जातं, पण फॉरवर्ड वाचून काढा करून पिऊ नका.

ओळख विचारायची असेल तर लांबून काढलेल्या एका फोटोवर भागत नाही. बुडाची तपकिरी पानं, हिरवं पान आणि त्याची पाठ, असे तीन फोटो काढा. झुपका उंचावर असेल तर खाली गळलेलं पान उलटून बघा, फोटो घ्या आणि तिथेच ठेवा.