रोवणीचे दिवस आणि बाळाचे वरचे दूध

जुलैचा पाऊस लागला की भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणीची घाई सुरू होते. पऱ्हे उपटणे, पेंढ्या बांधणे आणि चिखलात वाकून रोवणे ही कामे मुख्यतः बायकांचीच. लाखांदूर, पवनी, साकोली, मोहाडी, कुठेही जा, सकाळी आठच्या सुमारास बायकांची रांग बांधीकडे निघालेली दिसते. त्यात तीन-चार महिन्यांच्या बाळाची आईही असते. बाळ घरी आजीजवळ. अंगावरचे दूध पाजून आई निघते ती दुपारी किंवा थेट संध्याकाळी परतते. मधल्या सात-आठ तासांत बाळाला भूक लागणारच. मग मेडिकलमधून पावडरच्या दुधाचा डबा येतो.

यात आईला बोल लावण्यासारखे काही नाही. मात्र हा डबा हाताळणे चहा करण्याइतके सोपे नाही. पाणी किती गरम, माप किती, तयार दूध किती वेळ ठेवायचे, यातली एक चूकही तान्ह्या बाळाला दवाखान्यात नेऊ शकते. म्हणून डबा उघडण्याआधी आई आणि आजी, दोघींनीही काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

आधी अंगावरचे, मग वरचे

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध पुरते, पाणीसुद्धा लागत नाही. 'दूध पुरत नाही' ही शंका बहुतेकदा बाळाच्या रडण्यावरून येते, पण रडणे हा त्याचा पुरावा नव्हे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, दोन आठवड्यांच्या आत जन्मवजनावर परत आले असेल आणि पुढे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

आईचे दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळ जितके ओढेल तितका पान्हा टिकतो. वरच्या दुधाची प्रत्येक पाजणी अंगावरची एक पाजणी कमी करते आणि शरीर तेवढे दूध बनवणे थांबवते. म्हणून वरचे दूध फक्त आई नसताना द्यावे. कामावर जाण्याआधी आणि परत आल्याबरोबर अंगावर पाजावे. रात्री तर अंगावरच पाजावे, कारण दूध बनवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. आई घरी असूनही वरचे देण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला असेल, तरी आधी दोन्ही बाजूंनी पाजून मगच ते द्यावे.

पावडर निर्जंतुक नसते

डबा सीलबंद असतो, म्हणून आतली पावडर जंतुमुक्त असेल असे अनेकांना वाटते. तसे नसते. कारखान्यात पावडर पूर्णपणे निर्जंतुक करता येत नाही. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू क्वचित सापडतात. घरात उघडलेल्या डब्यात, ओल्या मापातून किंवा न धुतलेल्या हातांनीही जंतू शिरतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातील एक बाळ मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाने दगावले. त्या जंतूचा माग पावडरच्या दुधापर्यंत पोहोचला. असा आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर जीवघेणा ठरतो. दोन महिन्यांच्या आतील, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना धोका सर्वाधिक असतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पाणी ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसावे असे सांगितले आहे. हे गरम पाणी पावडर विरघळवते आणि तिच्यातले जंतूही मारते. काही डब्यांवर कोमट पाणी वापरण्याची सूचना असते. कोमट पाण्याने पावडरमधले जंतू मरत नाहीत, उलट ती ऊब त्यांना मानवते. वर सांगितलेल्या नाजूक बाळांसाठी पाणी किती गरम घ्यायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

बनवण्याची रीत

हात साबणाने धुवा. वाटी, चमचा किंवा बोंडले घासून पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटे उकळा. बाहेर काढल्यावर पदराने किंवा फडक्याने पुसू नका, निथळू द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले चांगले. बाटलीच्या बुचात आणि कडेत दूध साचून राहते आणि ते घासून निघत नाही. शिवाय बाटलीची सवय लागलेले काही बाळ पुढे अंगावर नीट ओढत नाही.

पाणी नळाचे असो, विहिरीचे, हातपंपाचे किंवा फिल्टरचे, ते खळखळून उकळा. साधारण एक लिटर पाणी झाकून ठेवले तर अर्ध्या तासाच्या आत वापरा. लहान भांड्यातले पाणी लवकर निवते, तेव्हा त्याला इतका वेळ देऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, पण खतांमधून विहिरीत उतरलेले नायट्रेट जात नाही. तान्ह्या बाळाला ते घातक असते. विहिरीचे पाणी वापरत असाल तर ते एकदा तपासून घ्या.

आधी मोजून पाणी घ्या, नंतर पावडर घाला. ढवळा. मग झाकलेले भांडे गार पाण्यात धरून दूध निववा. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून पाहा. ते कोमट लागले पाहिजेत. पाणी उकळते असते तेव्हा बाळाला दूर ठेवा.

शिगेचे माप नको, पातळही नको

धान मोजताना पायली शिगेने भरायची सवय असते. पावडरला ती चालत नाही. डब्यातलेच माप घ्या, भरा आणि सुरीने सपाट करा. माप दाबू नका. दुसऱ्या कंपनीचे माप वापरू नका. माप जास्त झाले तर दूध घट्ट होते, बाळाच्या शरीरातले पाणी कमी होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

याच्या उलट चूक पैशांमुळे होते. डबा महाग असतो, म्हणून एक माप कमी घालून तो पुरवला जातो. बाळाचे पोट भरते, ते झोपते, पण त्याला पोषण मिळत नाही. रक्तातले सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात. घरात हे ओळखण्याचा सोपा हिशेब आहे. अनेक डब्यांवर ३० मि.लि. पाण्याला एक सपाट माप, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम पावडर, असे प्रमाण असते. बाळाला दिवसाला २५० मि.लि. वरचे दूध लागत असेल तर आठ-नऊ मापे, म्हणजे जवळपास ३८ ग्रॅम पावडर लागते. ४०० ग्रॅमचा डबा दहा-अकरा दिवसांत संपायला हवा. तो वीस दिवस चालला तर दूध निम्मे पातळ झाले आहे. डबा परवडत नसेल तर पाणी वाढवू नका, डॉक्टरांना सांगा. गायीचे-म्हशीचे दूध पाणी घालून देणे, भाताची पेज, मध किंवा बिस्किटाचा चुरा हे सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी पर्याय नाहीत.

थर्मासमध्ये पाणी, दूध नाही

सर्वात मोठा धोका येथे आहे. आई सकाळी घाईत तीन वेळचे दूध एकदम करते आणि ते गरम राहावे म्हणून थर्मासमध्ये भरून ठेवते. दूध तासन्‌तास ऊबदार राहते आणि जंतू त्यातच वाढतात. थर्मासमध्ये उकळते पाणी ठेवावे, दूध नाही. आजीने भूक लागेल तेव्हा एका पाजणीपुरते ताजे दूध करावे.

बनवलेले दूध दोन तासांच्या आत संपवायचे. बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध पुन्हा पुढे करायचे नाही, फेकायचे. फ्रीज ५ अंशांखाली राहत असेल तर तोंड न लावलेले दूध त्यात जास्तीत जास्त २४ तास चालते, आतल्या भागात ठेवावे, दारात नाही. पण वीज गेली की हा हिशेब मोडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वादळी पावसात वीज तासन्‌तास जाते. अशा वेळी फ्रीजवर विसंबू नका. ताजे करा, लगेच पाजा.

उघडलेला डबा फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ओल धरते. घट्ट झाकण लावून कोरड्या, थंड जागी ठेवा. उघडल्याची तारीख डब्यावर पेनने लिहा. डब्यावर सांगितलेल्या मुदतीनंतर, किंवा पावसाळ्यात पावडरचे गोळे झाले असतील तर, ती वापरू नका.

आधी आईचे काढून ठेवलेले दूध

कामावर जाताना आईला हाताने पिळून दूध काढून ठेवता आले तर डब्याची गरजच कमी होते. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढून झाकून ठेवावे. साधारण २५ अंशांच्या खोलीत ते चार तास चालते. आपली घरे उन्हाळ्यात यापेक्षा पुष्कळ गरम असतात, म्हणून ते शक्य तितक्या लवकर आणि सगळ्यात आधी पाजावे. आईचे दूध डब्याच्या दुधात मिसळू नये. बाळाने मध्येच तोंड फिरवले तर दोन्ही फेकावे लागतात, आणि काढलेल्या दुधाचा प्रत्येक थेंब मोलाचा असतो.

आशाताईला विचारा

१९९२ च्या केंद्रीय कायद्याने अशा दुधाची जाहिरात आणि मोफत नमुने वाटणे यांना बंदी आहे. डब्यावर आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना असावी लागते, आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच वापर करावा असेही लिहावे लागते. तेव्हा हा सल्ला दुकानदाराकडून घेऊ नका. सल्ला देणारी माणसे गावातच आहेत. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेल्या कार्यक्रमात आशाताई रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर सहा वेळा घरी येते. ती बाळाचे वजन करते. तिच्यासमोर एकदा दूध करून दाखवा आणि चुकत असेल ते विचारा.

बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, ताप आला असेल किंवा अंग थंड पडले असेल, झटके येत असतील, जुलाब होत असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. सोबत डबा आणि माप न्या. डॉक्टरांना दूध कसे केले जात होते, हे त्यावरून लगेच कळेल.

रोवणी काही आठवड्यांत संपेल. तोवर घरातल्या आजीला या गोष्टी माहीत हव्यात, कारण बांधीवर गेलेल्या आईला चुलीजवळचे थर्मास दिसत नाही. आज संध्याकाळी हा मजकूर तिला वाचून दाखवा. मग आई कामावर जाण्याआधी तिच्या हातून एकदा दूध करून घ्या.