दूरच्या पल्ल्याचा टायर : टिकाऊपणा कशावर ठरतो?

लेखमाला : दुचाकी आणि दूरचा पल्ला – लेखांक सहावा

परभणीहून पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर आणि आळेफाटा या मार्गाने माळशेज घाट उतरून कल्याणकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ दुचाकीच्या टायरकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा करतो. मराठवाड्याच्या तापलेल्या सपाटीवर तासन् तास सरळ धावताना टायर झिजू नये, आणि त्याच टायरने पुढे पावसाळी घाटात ओल्या वळणांवर पकड सोडू नये, अशा त्या अपेक्षा असून रबराच्या स्वभावामुळे त्या दोन्ही एकाच वेळी पुरेपूर भागत नाहीत. 'सर्वांत टिकाऊ टायर कोणता' या प्रश्नाला दुकानाच्या काउंटरवर एका कंपनीच्या नावाने मिळणारे उत्तर म्हणूनच अपुरे ठरते.

टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या, नक्षीदार थराचे रबर ज्या मिश्रणातून बनते त्याला कंपाउंड म्हणतात. त्यात नैसर्गिक व कृत्रिम रबराबरोबर कार्बन ब्लॅक नावाची बारीक काजळी, सिलिका, तेले आणि रबराला घट्टपणा देणारे गंधक असते. मिश्रण कठीण ठेवले की झीज मंदावते, परंतु ओल्या डांबरावरची पकड घटते, आणि मऊ ठेवले की याच्या उलट घडते. सिलिकाच्या वापराने ही ओढाताण काहीशी कमी झाली आहे. महामार्गावर सरळ धावणाऱ्या दुचाकीचा टायर मध्यभागीच झिजून चपटा होतो आणि मग वळणावर गाडी कलवताना ती अडखळते. त्यावर उपाय म्हणून काही टायरांत मध्यभागी कठीण आणि कडांना मऊ अशी दोन मिश्रणे वापरतात. नांदेड किंवा कल्याणपर्यंत वरचेवर जाणाऱ्यासाठी असा दुहेरी मिश्रणाचा टायर, तो आपल्या मापात मिळत असेल तर, थोडी जास्त किंमत देऊनही घेण्याजोगा आहे.

परंतु परभणी जिल्ह्यात टायरचे आयुष्य मिश्रणाइतकेच हवेच्या दाबावर ठरते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. दाब पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड या हिशेबाने मोजतात, आणि ३० पीएसआयच्या आसपास भरलेल्या टायरमधला दाब तापमानातील १० अंश सेल्सिअसच्या फरकाने साधारण दीड पीएसआयने बदलतो. परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबरच्या पहाटे तो १० अंशांच्याही खाली उतरतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली हवा थंडीत तपासली नाही तर टायर कमी हवेवर धावत राहतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात बाजूंना अधिक दबतो, त्या सततच्या दबण्या-सुटण्यातून आतल्या आत उष्णता साठते आणि रबराचे थर धाग्यांच्या आतल्या जाळीपासून सुटू लागतात. भर उन्हात माजलगावला थांबून तापलेल्या टायरमधली 'वाढलेली' हवा सोडून देणारा प्रवासी सावधगिरीच्या नावाखाली नेमके हेच ओढवून घेतो. दाब सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावा, आणि मागे माणूस व सामान असेल तर गाडीच्या पुस्तिकेत त्यासाठी दिलेला जादा दाब भरावा.

काळ्या मातीचा उपद्रव वेगळ्या प्रकारचा आहे. पाणी लागले की फुगणाऱ्या आणि उन्हात आकसून भेगाळणाऱ्या या मातीवरचा रस्ता काही पावसाळ्यांतच लाटांसारखा होतो, त्याच्या कडा तुटतात, आणि अशा कडेवर वेगात आदळलेल्या टायरच्या आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. असा टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, बदलावाच लागतो. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ट्यूबलेस टायर सोयीचा, कारण काटा रुतला तरी हवा हळूहळू निघते. मात्र तारांच्या साध्या चाकाला तो चालत नाही, तिथे ट्यूबच लागते. मोठ्या, सुट्या गोट्यांच्या नक्षीचे टायर सध्या हौसेने बसवले जातात. डांबरावर त्या गोट्या लवकर झिजतात आणि जिंतूरच्या शिवारातील पावसाळी चिखल त्यांच्याही फटींत गच्च भरतो, तेव्हा ज्याचा बहुतेक प्रवास पक्क्या रस्त्यावर आहे त्याने ही हौस टाळावी.

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचता आले की निम्मी फसवणूक टळते. '८०/१००-१८ ५४पी' यात ८० ही मिलिमीटरमधील रुंदी, १०० ही रुंदीच्या प्रमाणात टक्क्यांतील उंची आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. ५४ म्हणजे जास्तीत जास्त २१२ किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर ही वेगमर्यादा. कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा रुंद टायर बसवल्याने तो अधिक टिकतो हा समज चुकीचा आहे, कारण अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो आणि झीज असमान होते. आयएसआय चिन्हाइतकाच महत्त्वाचा चार अंकी आकडा मात्र बहुधा कोणी पाहत नाही : २३२४ याचा अर्थ टायर २०२४ सालातील तेविसाव्या आठवड्यात बनला. न वापरताही रबर ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोनने कडक होत जाते, म्हणून पत्र्याच्या तापलेल्या गोदामात काही वर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी दूरच्या प्रवासासाठी घेऊ नये, आणि दुकानदार हा आकडा दाखवायला कुरकुर करत असेल तर दुसरे दुकान गाठावे.