बिअरला गुण कसे देतात? ५० पैकी दिसण्याला फक्त ३!

पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं सणासुदीला गावी आली की त्यांच्या बोलण्यात हल्ली 'क्राफ्ट बिअर', 'आयपीए', 'स्टाउट' असे शब्द येतात. कुणी मोबाईल काढून अमुक बिअरला पाचपैकी चार स्टार दिलेले दाखवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बिअर ती बिअर, तिला गुण कसले द्यायचे? पण जगात बिअरच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. तिथे शिकून तयार झालेले परीक्षक कागद-पेन घेऊन बसतात आणि प्रत्येक ग्लासाला मोजून गुण देतात.

ही पद्धत न पिणाऱ्यानेही समजून घ्यावी अशी आहे. कारण शेतकऱ्याच्या मालाचा भावही शेवटी कुणीतरी बघून, हुंगून, चाखूनच ठरवतो. तो कशाला किती गुण देतो, यावर आपले पैसे अवलंबून असतात.

क्राफ्ट बिअर म्हणजे काय?

बिअरमध्ये मुख्य चार गोष्टी असतात: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा जव म्हणजे बार्ली. नाचणीचं सत्त्व करताना आपल्याकडे नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, तसाच हा प्रकार. मोड आलेल्या दाण्यातल्या पिठाची गरम पाण्यात साखर होते. हॉप्स ही एका वेलीची फुलं. ती उकळताना घातली की कडवटपणा आणि वास येतो. शेवटी यीस्ट ही साखर खातं आणि तिची दारू व गॅस तयार होतो.

मोठे कारखाने एकाच चवीची लाखो लिटर बिअर काढतात. क्राफ्ट बिअर छोट्या भट्टीत, थोडी थोडी आणि वेगवेगळ्या प्रकारची केली जाते. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या 'डुलाली'चं नाव महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या अशा भट्ट्यांमध्ये घेतलं जातं. त्यानंतर पुणे, मुंबईत आणखी बऱ्याच निघाल्या.

आधी प्रकार, मग गुण

जनावरांच्या प्रदर्शनात खिल्लार बैलाला खिल्लारच्याच मापाने बघतात. 'ही गाय दूध किती देते' म्हणून खिल्लार नापास करत नाहीत आणि 'पळते किती' म्हणून गीर गाय नापास करत नाहीत. बिअरचंही तसंच आहे. परीक्षक आधी विचारतो, ही कुठल्या जातीची? मगच गुण देतो. बिअरचे असे प्रकार लोकांपुढे नीट मांडण्याचं मोठं श्रेय मायकल जॅक्सन या इंग्रज लेखकाला जातं. हा गाणारा मायकल जॅक्सन नव्हे. याने १९७७ मध्ये जगभरच्या बिअरवर पुस्तक लिहिलं.

नेहमी कानावर येणारे प्रकार असे:

लागर: थंडाव्यात सावकाश आंबवलेली. बहुतेक फिकट सोनेरी आणि चवीला साफ. दुकानात बाटलीत मिळणारी बरीचशी बिअर हीच. यातली पिल्सनर १८४२ मध्ये आजच्या चेक देशातल्या पिल्सेन गावात पहिल्यांदा झाली.

व्हीट बिअर: हिच्यात गहू भरपूर असतो. दिसायला गढूळ. जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं किंवा लवंग घातलेली नसते, तो वास यीस्टमुळे येतो.

आयपीए: इंडिया पेल एल. हिच्या नावातला 'इंडिया' आपलाच. कंपनी सरकारच्या काळात इंग्लंडहून महिनोन् महिने जहाजाने हिंदुस्थानात बिअर यायची. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत, कारण हॉप्समुळे बिअर लवकर नासत नाही. आजची आयपीए त्यामुळेच कडू आणि वासाची.

स्टाउट: काळी. यात जव जवळजवळ करपेपर्यंत भाजतात, म्हणून चव कॉफीसारखी किंवा कडवट चॉकलेटसारखी लागते.

सावर: आंबट. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतलेच जिवाणू इथे काम करतात.

सेझाँ: ही खरी शेतकऱ्यांची बिअर. बेल्जियममध्ये शेतावर करून ठेवत आणि हंगामी मजुरांना देत. सेझाँ या शब्दाचा अर्थच हंगाम.

आता आंबट चव घ्या. सावरमध्ये आंबटपणा नसेल तर गुण कापतात आणि लागरमध्ये आंबटपणा असेल तर गुण कापतात. एका जातीत जो गुण, तोच दुसरीत दोष.

५० गुणांची वाटणी

अमेरिकेत १९८५ पासून बिअरचे परीक्षक तयार करणारी एक संस्था आहे. तिला बीजेसीपी म्हणतात. घरगुती आणि छोट्या बिअरच्या स्पर्धांमध्ये तिची गुणपत्रिका खूप वापरतात. तिच्यात ५० गुण असे वाटलेले आहेत:

वास: १२
दिसणं (रंग, फेस, नितळपणा): ३
चव: २०
तोंडात कशी लागते (जड, हलकी, गॅस): ५
एकूण मत: १०

४५ आणि त्याच्या वर म्हणजे जगात तोडीस तोड. ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली. १४ ते २० म्हणजे जेमतेम आणि त्याखाली म्हणजे बिघडलेली.

यात नीट बघण्यासारखी गोष्ट एकच. वास आणि चव मिळून ३२ गुण, दिसण्याला फक्त ३. कितीही सोन्यासारखी चमको, चव नसेल तर ती पास होत नाही.

चाखायची रीत

परीक्षकाला कंपनीचं नाव सांगत नाहीत, समोरच्या ग्लासावर फक्त नंबर असतो. ग्लासात दोन-चार घोट एवढीच बिअर असते. पोट भरायला किंवा नशा चढायला तिथे जागाच नाही, कारण चढली की जीभ आणि डोकं दोन्ही कामातून गेले.

आधी वास घेतात, कारण वास लवकर उडतो. मग रंग आणि फेस बघतात. मग छोटा घोट तोंडात सगळीकडे फिरवून चव घेतात. मधे पाणी पितात, साधा पाव खातात. हलक्या बिअरपासून सुरुवात करून कडू, काळ्या, जड बिअर शेवटी ठेवतात. बर्फासारखी गार बिअर कधीच तपासत नाहीत, कारण गारठ्याने जीभ बधिर होते आणि दोष झाकले जातात. अत्तर, तंबाखू, गुटखा तर बंदच. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकजण आधी आपापलं लिहितो, मग चर्चा होते. नाहीतर मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचंच मत सगळ्यांचं होतं.

'बरी नाही' म्हणून भागत नाही

परीक्षकाने नुसता आकडा टाकून चालत नाही. काय बिघडलं ते लिहावं लागतं. त्यासाठी ठरलेले शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दामागे कारण आहे.

लोण्यासारखा वास आला तर बहुधा यीस्टला काम पुरं करू दिलं नाही. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळणं कमी पडलं असेल. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे हवा लागली किंवा माल जुना झाला. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्चीच काढली. दवाखान्यासारखा वास आला तर पाण्यातल्या क्लोरीनवर संशय. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीला ऊन लागलं तर हॉप्सचा वास बिघडून दर्प येतो, म्हणून बाटली बहुतेक तपकिरी रंगाची असते.

असा शेरा मिळाला की भट्टीवाल्याला पुढच्या वेळी कुठे दुरुस्ती करायची ते कळतं. '२६ गुण' एवढ्यावरून काहीच कळलं नसतं.

मोबाईलवरच्या स्टारचं काय?

अ‍ॅपवर लोक पाचपैकी स्टार देतात. तो आकडा 'मला किती आवडली' एवढंच सांगतो. कडक, काळ्या, जड बिअरना तिथे सहसा जास्त स्टार पडतात आणि साध्या लागरला कमी. म्हणून लागर वाईट ठरत नाही. स्टारपेक्षा खाली लिहिलेलं वाचावं. तिथे कारण असेल तर उपयोग, नाहीतर तो नुसता आकडा.

जिभेला न कळणारं विष

चवीची एक हद्दही माहीत असावी. विषारी दारूत मिथेनॉल असतं आणि ते चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने १०० च्या वर माणसं गेली. 'चाखून बघितली, चांगली होती' हा कुठल्याही हातभट्टीच्या दारूचा दाखला होऊ शकत नाही.

आणि कायदाही लक्षात असू द्या. महाराष्ट्रात बिअरलाही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. पिऊन गाडी चालवणं गुन्हा आहे, मग ती बिअर का असेना.

आता गुळाकडे बघा

बिअरच्या गुणपत्रिकेत दिसण्याला ५० पैकी ३ गुण. आपल्या गुळाच्या बाजारात काय होतं? सौद्यात ढेप फोडली की आधी रंग बघतात. पिवळाधमक असेल तर भाव चढतो, काळपट असेल तर पडतो. म्हणून काही गुऱ्हाळांवर रंग उजळायला हायड्रॉस पावडर पडते. तिच्यातल्या गंधकाचा अंश गुळात राहतो. कसलीही पावडर न घातलेला, चवीला सरस गूळ मात्र रंगाने मागे पडतो. जिथे बघण्यालाच सगळे गुण, तिथे माणूस दिसण्यासाठीच माल करणार. दोष एकट्या गुऱ्हाळवाल्याचा नाही, गुणपत्रिकेचाही आहे.

यावर बचत गट, शेतकरी कंपन्या स्वतःपुरती सुरुवात करू शकतात. चार गुऱ्हाळांचे नमुने घ्या, नावं झाकून नंबर टाका. पाच-सहा जणांनी न बोलता वास, चव, कणी, खारटपणा आणि रंग यांना वेगवेगळे गुण द्यावेत. रंगाला कमीत कमी. शेजारी एका ओळीत कारण लिहावं. हळद, काजू, कोकम, आंबा, मध, सगळ्यालाच हे जमतं. पावडर नाही याची खात्री मात्र जिभेने होत नाही, त्याला प्रयोगशाळेचा दाखलाच लागतो.

खर्च म्हणाल तर वही, पेन आणि कागदाच्या चिठ्ठ्या. पण पुढच्या वेळी गिऱ्हाईक 'माल बरा नाही' म्हणालं, तर 'बरा नाही म्हणजे नेमकं काय?' असं विचारायला आपल्याकडे शब्द असतील. आणि आपलाच माल खरंच कुठे कमी पडला, हेही त्याच वहीत दिसेल.