निवडणुकीतला पैसा – लेखांक ४ : मर्यादा उमेदवाराला, मोकळीक पक्षाला

पक्षांकडे पैसा येतो कसा, हे गेल्या आठवड्यात निवडणूक रोख्यांच्या निमित्ताने पाहिलं. आता तो खर्च कसा होतो ते पाहू.

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची. गोव्यात ७५ आणि २८ लाख. चहा, नाश्ता, खुर्च्या, मंडप यांचं दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी काढतात. उमेदवाराने रोजच्या खर्चाची नोंदवही ठेवायची आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर ३ वर्षं अपात्र. बंदोबस्त कडेकोट वाटतो.

पण त्याच उमेदवाराच्या पक्षाने किती खर्च करावा, याला कायद्यात मर्यादाच नाही!

ही वाट बंद करण्याचा एक प्रयत्न झाला होता. १९७१ मध्ये दिल्ली सदरमधून निवडून आलेल्या अमरनाथ चावलांविरुद्ध कंवरलाल गुप्ता न्यायालयात गेले. पक्षाने विशिष्ट उमेदवारासाठी केलेला खर्च त्याला माहीत असेल आणि त्याने तो नाकारला नसेल, तर तो त्याच्याच हिशेबात धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयात न्या. भगवतींनी ३ ऑक्टोबर १९७४ रोजी दिला. नाहीतर श्रीमंत पक्षापुढे सामान्य माणूस उभाच राहू शकणार नाही, हा त्यामागचा विचार. चावलांची निवड रद्द झाली. सरकारने काय करावं? त्याच महिन्यात अध्यादेश काढून निकालाचा परिणामच पुसून टाकला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडलं गेलं : पक्षाने किंवा इतर कोणी केलेला खर्च उमेदवाराचा नव्हे.

२००३ च्या दुरुस्तीने ही सवलत आकसली, पण मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च अजूनही उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही. पक्षाचा सर्वसाधारण प्रचारही पडत नाही. सभेत उमेदवाराचं नाव किंवा फोटो झळकला, की खर्च त्याच्या नावे लागतो. म्हणून नावाला जागाच न देण्याची काळजी घेतली जाते.

२००९ च्या निवडणुकीत आपला खर्च ८ कोटींवर गेला, असं गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये मुंबईत जाहीरपणे बोलले. त्या निवडणुकीत लोकसभेची मर्यादा होती २५ लाख. आयोगाने नोटीस दिली, त्यांनी खुलासाही केला. पण त्या विधानाने देशात कोणाला धक्का बसला नाही, हे मला अधिक गंभीर वाटतं.

दर काही वर्षांनी उमेदवाराची मर्यादा वाढवणं हा उपाय नव्हे. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा घाला, असं खुद्द निवडणूक आयोगाने सुचवलं आहे. संसदेने ते अजून केलेलं नाही.

उमेदवारांचे हिशेब जिल्हा निवडणूक कार्यालयात कोणाही नागरिकाला पाहता येतात. पुढच्या निवडणुकीनंतर आपल्या आमदाराचा हिशेब मागून घ्या आणि आपल्या गल्लीत डोळ्यांनी पाहिलेल्या खर्चाशी ताडून पाहा.