बडीशेप आणि तिचे तेल

जेवण आटोपले, हात धुतले, की घरोघरी एक लहानशी डबी पुढे येते. तीत बडीशेप असते. कोठे ती भाजून मीठ लावलेली, तर कोठे धनाडाळ आणि तीळ यांच्यात मिसळलेली. वडील माणसे चिमूटभर बडीशेप तोंडात टाकतात; मुलेही हात पुढे करतात आणि त्यांनाही ती मिळते. ह्या इवल्याशा दाण्याची कोणाला भीती वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

परंतु ह्याच बडीशेपेपासून काढलेले एक तेल बाजारात लहान बाटलीतून विकले जाते, आणि त्या बाटलीवर 'मुलांपासून दूर ठेवा' अशी सूचना पुष्कळदा छापलेली असते. जी वस्तू डबीतून काढून मुलांच्या तळहातावर ठेवली जाते, तीच बाटलीत गेली म्हणजे मुलांपासून दूर का ठेवावी लागते? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी प्रथम बडीशेपेच्या रोपाची ओळख करून घेतली पाहिजे.

बडीशेपेचे रोप माणसाच्या उंचीइतके, कधी त्याहूनही उंच वाढते. त्याची पाने शेपूच्या पानांसारखी बारीक, दोऱ्यासारखी असतात. धने, जिरे, ओवा, शेपू आणि गाजर ही सर्व बडीशेपेचीच भावंडे. त्यांचे कूळ एक आहे. ह्या कुळाची खूण म्हणजे त्याचा फुलोरा. एकाच ठिकाणाहून अनेक दांड्या फुटतात आणि त्यांच्या टोकांवर बारीक फुले येतात, त्यामुळे सगळा फुलोरा उघडलेल्या छत्रीसारखा दिसतो. बडीशेपेची फुले पिवळी असतात. फुले गळून गेल्यावर जो दाणा धरतो, त्याला आपण बी म्हणतो. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते संपूर्ण फळ होय. हे फळ पिकले म्हणजे त्याचे उभे दोन भाग होतात. प्रत्येक भागावर पाच उंचवटे असतात आणि सालीच्या आत सूक्ष्म नलिका असतात. बाहेरच्या फुगीर अंगास चार व आतल्या सपाट अंगास दोन, अशा बहुधा सहा नलिका एकेका भागात आढळतात. ह्या नलिकांत सुगंधी तेल साठवलेले असते. दाणा दाताखाली येताच नलिका फुटतात आणि तोंडात गोडसर सुवास दरवळतो.

ही वनस्पती मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. प्राचीन ग्रीक भाषेत बडीशेपेला 'मॅराथॉन' असा शब्द होता, आणि अथेन्स शहराजवळच्या ज्या मैदानात ती विपुल उगवे, त्या मैदानाचे नावही मॅराथॉन असेच पडले. इ. स. पूर्व ४९० मध्ये ह्याच ठिकाणी अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याचा पराभव केला. त्या विजयाच्या स्मरणार्थ इ. स. १८९६ च्या ऑलिंपिक सामन्यांत मॅराथॉनपासून अथेन्सपर्यंत धावण्याची शर्यत ठेवण्यात आली. आज जगभर मॅराथॉन ह्या नावाने ज्या शर्यती होतात, त्यांच्या नावात अशी बडीशेप दडलेली आहे.

भूमध्य समुद्राच्या काठची ही वनस्पती भारतात पुरती रुळली आहे. गुजरात आणि राजस्थान ह्या राज्यांत तिची मोठी लागवड होते, आणि उत्तर गुजरातेतील ऊंझा येथील बाजारपेठ जिरे व बडीशेप यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. थंड, कोरडी हवा ह्या पिकाला मानवते, म्हणून ते मुख्यतः रब्बी हंगामात घेतात. मुखशुद्धीसाठी हवी असलेली बारीक, हिरवी बडीशेप दाणे कोवळे असतानाच तोडतात आणि सावलीत वाळवतात. मसाल्यासाठी व तेलासाठी मात्र दाणे पूर्ण भरू देतात.

स्वयंपाकात बडीशेपेचे अनेक उपयोग आहेत. मालवणी मसाल्यात ती असते. गोव्याच्या शाकुतीत ती खोबऱ्याबरोबर वाटली जाते. बंगालच्या पाच जिनसांच्या फोडणीत तिला स्थान आहे, तर काश्मीरमधील कित्येक पदार्थांना तिची व सुंठेची पूड घातल्याखेरीज चव येत नाही. उत्तर भारतात कैरीच्या लोणच्यातही ती हमखास घालतात. बाळंतिणीला देतात ती बाळंतशेप मात्र वेगळी. ती शेपूच्या भाजीचे बी होय. नावे सारखी असली, तरी दोन्हींची गल्लत करू नये.

जेवणानंतर बडीशेप खाण्याची चाल केवळ हौशीची नाही. दाणे चावले म्हणजे तोंडात लाळ अधिक सुटते आणि तोंडाला येणारा वास नाहीसा होतो. बडीशेपेतील सुगंधी द्रव्यांमुळे आतड्याचे आवळलेले स्नायू सैल पडतात व अडकलेला वायू सुटण्यास मदत होते. पोट जड वाटत असल्यास बडीशेपेचा सौम्य काढा देण्याचा प्रघात ह्यामुळेच पडला असावा. तथापि प्रत्येक पोटदुखी वायूमुळे होते असे नव्हे. दुखणे तीव्र असेल, ताप किंवा उलट्या असतील, तर बडीशेप चघळत बसण्यात वेळ न घालवता डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

आता तेलाकडे वळू. शेंगदाणे किंवा तीळ घाण्यात घालून जसे तेल गाळतात, तसे हे तेल काढत नाहीत. भरडलेली बडीशेप एका मोठ्या बंद भांड्यात भरतात आणि तिच्यातून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर दाण्यातील सुगंधी तेलही वायुरूप होऊन वर येते. ती वाफ थंड केलेल्या नळीतून नेली, की तिचे पुन्हा पाणी होते व तेल त्या पाण्यावर तरंगू लागते. मग ते अलगद वेगळे करतात. ह्या रीतीला ऊर्ध्वपातन म्हणतात. असे तेल हवेत उडून जाणारे असते. कागदावर शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब पडला, तर त्याचा डाग कायम राहतो. ह्या तेलाचा डाग मात्र कालांतराने नाहीसा होतो.

बडीशेपेच्या तेलात मुख्य घटक ॲनेथोल हा असतो. साखरेच्या तुलनेने तो सुमारे तेरा पट गोड असतो. खोबरेल तेल जसे थंडीत गोठते, तसे शुद्ध ॲनेथोलही सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. तेलातील दुसरा घटक फेन्कोन. त्याची चव कडवट असते. तिसरा घटक एस्ट्रागोल. हे तेल गोळ्या, दंतमंजने, खोकल्याची औषधे आणि साबण यांना वास व चव आणण्यासाठी वापरतात. परंतु प्रत्येक ठिकाणी ते अत्यल्प प्रमाणातच मिसळलेले असते.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते साध्या गणिताने सुटते. शंभर किलो बडीशेपेतून जातीनुसार साधारणपणे दोन ते चार किलो तेल निघते. म्हणजे चहाचा एक चमचा तेलासाठी सुमारे सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम बडीशेप खर्ची पडते. जेवणानंतर माणूस फार तर दोन ग्रॅम बडीशेप खातो. तिच्यातील तेल दोन-तीन थेंबांहून अधिक नसते, आणि तेही दाण्याच्या चोथ्यात विखुरलेले असल्यामुळे हळूहळू सुटते. पाव किलो बडीशेप एका बैठकीत कोणी खाऊ शकणार नाही. परंतु चमचाभर तेल एका घोटात गिळता येते. चूक घडते ती येथेच. असे तेल प्यायल्याने तोंडाची व घशाची आग होते, उलट्या होतात, आणि गिळताना ठसका लागून तेल फुप्फुसात गेले तर अधिकच मोठा धोका संभवतो.

ह्या तेलाचा परिणाम मेंदूवरही होऊ शकतो. फेपरे म्हणजे अपस्मार हा विकार असलेल्या मोरोक्को देशातील एका स्त्रीने बडीशेपेचे तेल घातलेले केक खाल्ले. ती नियमित औषध घेत होती, तरीही तिला झटका आला आणि ती बेशुद्ध पडली. ही हकीकत तेथील तज्ज्ञांनी इ. स. २०११ मध्ये प्रसिद्ध केली. केकमध्ये तेल किती होते, ते कोणी मोजले नव्हते. एस्ट्रागोल हा घटक मोठ्या मात्रेत दिल्यास उंदरांच्या यकृतात गाठी होतात, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. माणसाच्या रोजच्या आहारातील बडीशेपेने असे घडते, असा ह्याचा अर्थ नाही. तरीही लहान मुले, गर्भवती स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांच्या पोटात हा घटक शक्य तितका कमी जावा, असा सल्ला युरोपातील औषधतज्ज्ञांनी दिला आहे. चार वर्षांखालील मुलांना बडीशेपेचा काढासुद्धा डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये, असेही ते सांगतात.

हेच तेल मोजून वापरले, तर मात्र उपयोगी पडू शकते. इ. स. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रशियन प्रयोगात, पोटशुळाने रडणाऱ्या तान्ह्या मुलांना हे तेल पाण्यात मिसळून देण्यात आले व पुष्कळांना आराम पडला. पण त्या मिश्रणात तेलाचे प्रमाण हजारात एक भाग एवढेच होते, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले गेले. घरी अंदाजाने थेंब टाकणे निराळे आणि असे मोजून दिलेले औषध निराळे.

म्हणून काही नियम प्रत्येक घरात पाळले जावेत. बडीशेपेच्या तेलाची बाटली औषधांच्या कपाटात, कुलपात ठेवावी. खाद्यतेलाशेजारी किंवा मुखवासाच्या डबीजवळ कधीही ठेवू नये. ते तेल पोटात घेऊ नये व सरबतात वा औषधात घालू नये, तसेच पातळ न करता अंगालाही चोळू नये. त्वचेला लावायचेच झाले, तर दुसऱ्या साध्या तेलात चांगले पातळ करून आणि जाणकाराला विचारूनच लावावे. कोणी चुकून ते प्यायल्यास त्याला ओकारी काढावयास लावू नये. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. गाजर किंवा धने खाल्ल्याने ज्यांच्या अंगावर पित्त उठते, त्यांनी बडीशेपही जपून खावी. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. ते घशात अडकण्याची भीती असते.

डबीतील दाणा आणि बाटलीतील थेंब एकाच रोपापासून आलेले असतात. निसर्गाने जे तेल शेकडो दाण्यांत थोडे थोडे वाटून ठेवलेले असते, ते माणूस एका बाटलीत गोळा करतो. असे करण्यात काही वावगे नाही. मात्र गोळा केलेल्या वस्तूचे बळ वाढते, आणि ती वापरणाऱ्याची जबाबदारीही त्याबरोबर वाढते. जेवणानंतर डबी पुढे आली, की चिमूटभर बडीशेप खुशाल खावी. बाटलीला मात्र मुलांनी हात लावू नये, आणि मोठ्यांनीही तिचा एकेक थेंब मोजूनच वापरावा.