बचत खात्यांची यादी

बचत खातं हे खातंच. मग बचत खात्यांची यादी ही खात्यांची यादी का नाही? आमच्याकडे जावावर नव्याने काम करू लागलेली मुलं कोड रिव्ह्यूला बसली की हा प्रश्न येतोच. व्याजाची बेरीज करणारी मेथड लिस्ट<खाते> मागते, मुलगी लिस्ट<बचतखाते> देते, आणि कंपायलर अडवतो. तिला तो अडेलतट्टू वाटतो.

मी तिला त्याच मेथडमध्ये एक ओळ लिहायला सांगते: यादीत एक कर्जखातं टाक. मेथडपुरतं ते रास्तच आहे, कर्जखातंही खातंच. पण जिने यादी पाठवली तिच्या बचत खात्यांत आता कर्ज शिरलेलं असतं. कंपायलरने अडवलं ते यासाठी.

जावाच्या ॲरेला मात्र ही अडवणूक नाही: बचत खात्यांचा ॲरे खात्यांचा ॲरे म्हणून १९९६ पासून चालतो. तेव्हा भाषेत लिस्ट<खाते> असं लिहू देणारी जेनेरिक्स नव्हती, ती २००४ मध्ये आली. कुठल्याही वस्तूंच्या ॲरेवर चालणारी एकच मेथड लिहिता यावी म्हणून ही सूट होती. त्यामुळे खात्यांचा ॲरे मागणाऱ्या मेथडमधून बचत खात्यांच्या ॲरेत कर्जखातं टाकणारा कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालू असताना ॲरेस्टोअरएक्सेप्शन देऊन कोसळतो. सी शार्पनेही ही सूट जशीच्या तशी घेतली. माझ्या मते दोघांनीही चूक केली.

बेरजेच्या मेथडला यादीत काही टाकायचंच नसतं. तसं लिहून द्यायचं: लिस्ट<? एक्स्टेंड्स खाते>. आता बचत खात्यांची यादी चालते, आणि त्या मेथडमध्ये खातं टाकायची वाट बंद होते. उलट, मेथड फक्त बचत खाती भरणार असेल तर लिस्ट<? सुपर बचतखाते>, मग सर्व खात्यांची यादीही तिला देता येते. सी शार्पने २०१० मध्ये यासाठी ‘आउट’ आणि ‘इन’ हे शब्द घेतले. ते इंटरफेस लिहिणाराच एकदा लिहितो, वापरणाऱ्याला दर वेळी प्रश्नचिन्हं मांडावी लागत नाहीत. मला ही पद्धत अधिक पटते.

जावातल्या ‘सुपर’चा उपयोग यादी क्रमाने लावणाऱ्या कलेक्शन्स.सॉर्टमध्ये दिसतो. तिच्या व्याख्येत अट आहे: टी एक्स्टेंड्स कम्पेरेबल<? सुपर टी>. जावाच्या एसक्यूएल पॅकेजमधला टाइमस्टँप हा डेटचा वारस, आणि तुलना करण्याचा करार डेटने डेटशी केलेला. त्या अटीत ‘सुपर’ नसता तर टाइमस्टँपची यादी सॉर्टला देताच आली नसती. जावात काम करत असाल तर ती एक ओळ सावकाश वाचा.